सात नंबरची दांडी

सासऱ्यांनी काचेवर अंगठा ठेवला आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या सुनेने श्वास रोखून धरला.

प्रेक्षकांच्या डोक्यावरची ही दिव्यांची खोली. खोली कसली, कपाटच. इथे खुर्ची एकच. दुसरी ठेवली की माणसं येऊन बसतात आणि बसली की बोलतात, असं सासऱ्यांचं म्हणणं. सगळं थिएटर त्यांना मामा म्हणायचं आणि या खोलीपासून चार हात लांब राहायचं. रंगमंचावरचे सगळे दिवे मामा इथून सांभाळायचे, एका लाकडी बोर्डावरच्या बारा दांड्यांनी.

तो बोर्ड आता मागच्या अंगणात भंगारवाल्याची वाट बघत पडला होता. त्याच्या जागी एक काळी काच आली होती. काचेवर बारा राखाडी रेघा, सगळ्या सारख्या, सुईसारख्या बारीक. मामा बोट ठेवायचे एकीवर आणि दिवा लागायचा भलताच. मॅनेजर गोड आवाजात म्हणाला होता, "आजची तालीम बघू, मामा. जमलं तर खुर्ची तुमचीच. नाहीतर काय, आराम करायचं वय झालंच की."

सुनेची नोकरी नेमकी यातली. पडद्यावरची बटणं, चौकटी, सरकपट्ट्या कशा दिसाव्यात, बोटाखाली कशा वागाव्यात, ते ती ठरवायची. ऑफिसातले तिच्या टेबलाला ब्युटी पार्लर म्हणायचे. घरी मामाही काही कमी नव्हते. "बटणांना पावडर लावते आमची सून," असं आल्यागेल्याला सांगायचे. त्याच मामांनी परवा ताटावरून मान न उचलता विचारलं होतं, "तुझ्या पावडरीनं त्या काचेचं काही होईल का गं?"

ती रजा टाकून कामाला लागली. नव्या मशीनमध्ये काचेवरच्या चित्राचं रूप बदलायची सोय होती आणि मॅनेजरनेही "करा काय करायचं ते" म्हणून हात झटकले होते. अंगणात उकिडवं बसून तिने जुन्या बोर्डाचे फोटो काढले आणि काचेवर तशाच दांड्या उतरवल्या. चौथीला लाल चिकटपट्टी. नववीची मूठ अर्धी तुटकी. सातवीवर नेलपॉलिशचा ठिपका; ती बाटली सासूबाईंना काही परत मिळाली नव्हती. मुठी अंगठा मावेल एवढ्या रुंद केल्या. काच मुकी असते, म्हणून दांडी अर्ध्यावर आली की 'खट्' वाजेल असं केलं.

तालीम सुरू झाली. मामांची नजर रंगमंचावर आणि हात काचेवर. खाली बघायची गरजच पडली नाही. पहाट झाली, दुपार झाली, दिवाणखान्यात सांज उतरली. ऑफिसातल्या एकेकाला धरून इथे आणावं आणि म्हणावं, बघा, ही माझी पावडर, असं तिला वाटलं.

शेवटचा प्रवेश. म्हातारी खिडकी उघडते आणि घर उजेडाने भरून जातं. तो उजेड सात नंबरचा, नाटकभर अर्ध्यावर ठेवलेला; या प्रवेशात तेवढा एकच चालू. मामांनी सातवी दांडी झटक्यात खाली ओढली.

रंगमंचावर काळोख झाला.

"मामा!" खालून दिग्दर्शक ओरडला. मॅनेजरची पावलं जिन्यावर वाजू लागली.

"बाबा, खाली ओढलीत," सून कुजबुजली. "वर सारायची ना?"

"सातवी खाली ओढली की उजेड," मामा ठासून म्हणाले आणि मग आपल्याच हाताकडे बघत राहिले. "अगं, ती उलटी होती! फार पूर्वी कुणी दुरुस्ती करताना तारा उलट्या जोडल्या. हाताला सवय झाली म्हणून मी तसंच राहू दिलं. तुला सांगायचं डोक्यातच आलं नाही."

फोटोत ते दिसणार कसं? आणि अर्ध्यावरची दांडी सरळ काय, उलटी काय, उजेड तेवढाच. म्हणून इतका वेळ कुणाला पत्ता लागला नव्हता. तिने डाव्या हातावर लॅपटॉप तोलला आणि उजव्याने टाइप करायला सुरुवात केली.

मॅनेजर धापा टाकत दारात आला. "राहू द्या आता, मामा."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "सातवी उलटी करते."

"अहो, मशीन बरोबर चाललंय! माणसानं शिकायचं की मशीननं?"

"मशीननं," ती मान वर न करता म्हणाली. "ते लवकर शिकतं."

"आणि उद्या या खुर्चीत दुसरा माणूस बसला तर?"

"बसेल तेव्हा त्याच्या हाताजोगतं करून देईल," मामा म्हणाले. "माझी सून तेच काम करते." ते उठले. खोलीतली एकुलती एक खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. "बस. उभ्यानं असली कामं होत नाहीत."

ती बसली. दोन मिनिटांत काम झालं. म्हातारीने पुन्हा खिडकीला हात घातला. मामांनी उभ्यानेच, खाली न बघता, सातवी दांडी ओढली. खिडकीतून ऊन आत आलं, भिंतीवर चढलं आणि म्हातारीच्या केसांवर थांबलं. खाली कुणीतरी टाळी वाजवली.

मॅनेजरने दारातूनच मान लांबवून रंगमंचाकडे पाहिलं. "रविवारी प्रयोग आहे, मामा," तो म्हणाला. "जरा लवकर या." आणि जिना उतरून गेला.

भिंतीवरच्या स्पीकरमधून दिग्दर्शकाचा आवाज आला. "मामा, मघाशी काय बिघडलं होतं?"

मामांनी माइकचं बटण दाबलं. सगळ्या थिएटरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ते म्हणाले, "सात नंबर सरळ होता. सूनबाईंनी उलटा केला. आता बरोबर आहे."