आतलं आतच

सैन्याचे संगणक हॅकरांपासून वाचवणारी नवी यंत्रणा घ्यायची होती, म्हणून संसदेच्या समितीची गुप्त बैठक चालू होती. सगळ्यांचे मोबाईल दाराबाहेर शिपायाकडे जमा होते.

"चाचणी झाली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अगदी चोख, मॅडम," सैन्यातर्फे आलेले ब्रिगेडियर म्हणाले.

"तुमचा मुलगाही सीमेवर आहे ना? त्याच्या ठाण्यावर कधी बसवताय?"

ब्रिगेडियरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तिथे जुनीच राहू दे, असं मी सांगितलंय."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग मंजुरीसाठी हात वर झाले; बाईंचा तेवढा खालीच राहिला.

बाहेर शिपायाने मोबाईल परत दिला. "मॅडम, आमची पोरगी सैन्यात आहे. म्हणत होती, तिच्या ठाण्यावर नवी यंत्रणा येणार आहे. आता जिवाला घोर नाही ना?"

आतलं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "निवांत झोपा."