खालांची कसम

पडदा सर्रकन बाजूला झाला, तेव्हा अफशाचा अंगठा फोनवरच होता.

समोर नर्सिंग शिकवणाऱ्या फरिदा मॅडम. नर्सिंगच्या मुलींनी फोन लॉकरमध्ये ठेवूनच वॉर्डात यायचं, हा त्यांचा नियम. अफशाला त्यांनी मागे एकदा समज दिली होती. पुन्हा सापडलीस तर वर्ष वाया जाईल, असं बजावलंही होतं. तरी परीक्षेची धास्ती वाटली की तिचा हात आपोआप खिशात जायचा. व्हॉट्सअॅपवर मैत्रिणी होत्या, थट्टा होती, थोडा वेळ विसर पडायचा.

खाटेवर बिलकीसखाला होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. उद्या सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. मुलगा दूर दुक्म बंदरावर कामाला. त्याला रजा मिळाली नव्हती. मस्कतच्या त्या वॉर्डात आपल्याकडची मुलगी भेटली, म्हणून त्या मघापासून तिच्याशी बोलू पाहत होत्या. भूल दिल्यावर पुन्हा जाग येते ना, असंही विचारून झालं होतं. अफशानं फोनवरून मान न उचलता नुसतं हं म्हटलं होतं.

मॅडमनी फोनसाठी हात पुढे केला.

"उसको मैंने बोला," खाला उशीवरून म्हणाल्या. "मेरे लिए यासीन पढ रही है."

आजाऱ्याच्या उशाशी कुराणातली यासीन वाचतात. हल्ली पुष्कळजण ती फोनवरच वाचतात. तरीही मॅडमनी खरंच का, असं विचारलं.

"अल्ला की कसम."

मॅडमचा हात खाली आला. सावकाश वाच, एवढंच सांगून त्यांनी पडदा हलकेच ओढून घेतला.

अफशाला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग खालांकडे बघवेना. आपल्याला मान खाली घालून बसलेलं पाहून, ही यासीन वाचतेय असं त्यांना खरंच वाटलं असेल, असं तिच्या मनात आलं.

"खाला, मी... मी यासीन नव्हते वाचत."

"ठाऊक आहे गो. यासीन वाचताना कोण असं गालात हसतं?"

अफशाचे कान तापले. खाला मात्र हसत नव्हत्या.

"अशी खोटी कसम मी जन्मात खाल्ली नव्हती. उद्या ती घेऊन त्या टेबलावर कशी पडू? जा, हातपाय धुऊन वजू करून ये. आता खरंच वाच."