हातगाडी ओढणारा वीर

"सांगतो, पण कुणाला पटायचं नाही," लवूआजोबांनी खाकरून सुरुवात केली. भोईवाड्याच्या हॉलमध्ये जुन्या पुरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. आजोबांच्या पाठीमागच्या फोटोत मांडीभर पाण्यात हातगाडी होती. गाडीवर छत्रीखाली कुणीतरी अंग चोरून बसलेलं, आणि पुढे पोत्याच्या खोळीत तोंड झाकलेला वीर गाडी ओढत होता. "तो मी! गाडीवर थरथरतेय ती आमची शांता, आठ दिवसांची नवरी. दोन म्हशी वाहत आल्या, त्याही मी खांद्यावर घेतल्या!" पन्नास वर्षं पेपरातलं चिमुकलं कात्रण दाखवत ते हेच सांगत आले होते आणि शांताआजी पदराआड हसत आली होती. आज मात्र फोटो भिंतीएवढा होता. आजीने नातीचं बोट धरून वीराच्या मनगटावर अलगद टेकवलं. "आजोबा, खोटं!" अक्षदा ओरडली, "गाडी ओढणाऱ्या हातात तर नव्या नवरीचा चुडा आहे!"