जाड बुडाचा टोप

सुगंधाच्या सासरचा भाताचा टोप राखेने घासून घासून इतका पातळ झाला होता, की रोज भात बुडाला लागायचा. नऊ माणसांची पानं उठली, की दमलेली सुगंधा तो टोप खरवडत बसायची. यंदा दिराने मुंबईहून आगबोटीने येताना जाड बुडाचा नवा टोप आणला. "भात बरो मोकळो झालो गो!" म्हणत सगळ्यांनी एकेक डाव जास्तच घेतला.

सासूबाई टोपात वाकून हरखल्या. "बघ गो सुगंधा, बुडाक एक शीत लागूक नाय! तुझो खरवडूचो तरास गेलो."

सुगंधाने उरलेलं कालवण आपल्या ताटलीत ओतून घेतलं.



चौदा वर्षं तिचं जेवण म्हणजे ती खरवडच होती.