फोनवरचं नाव

"याच्यावरचं कंपनीचं नाव काढून द्या भाऊ." देवाजीने मोबाईल काउंटरवर ठेवला. "समदं काढा. अन् आत दुसरं सिम चालाले पाह्यजे."

मन्सूरने फोन उलटापालटा करून पाहिला. स्कीममध्ये मिळणारा, आपल्या कंपनीच्या सिमशिवाय दुसऱ्या कोणाला दारात उभं न करणारा. आलापल्लीत असे फोन चिल्लरसारखे फिरत होते.

"काऊन? सोडचिठ्ठी देऊन राह्यले का कंपनीले?"

"फोन माया आहे न? मी इकत घेतला."

"फोन तुमचा, नाव त्यायचं. बायको घरी आनली अन् आडनाव सासऱ्याचंच राह्यलं, तसं झालं हे."

देवाजी हसला नाही. तो पेरमगुड्याचा. तिथला या कंपनीचा टॉवर दादालोकांनी, म्हणजे जंगलातल्या नक्षल्यांनी, जाळला होता, आणि तेव्हापासून ज्याच्या हातात कंपनीचं नाव दिसे त्याला जंगलात बोलावून विचारलं जाई, खबर कोणाला देतो म्हणून. बोलावलेल्यांपैकी एक जण परत आला नव्हता. हे मन्सूरलाही ठाऊक होतं. तिकडून येणाऱ्या बसमधून माणसं कमी आणि बातम्याच जास्त उतरत.

"मंग फोन इथीच ठेवून जा न. माया गल्ल्यात सुखानं राहीन."

"माई पोरगी दिव्यानी माहेरी आली आहे. तिचे दिवस भरले." देवाजी फोनकडेच पाहत होता. "मागच्या खेपेले जीप बोलवाले मी पायी गेलतो एटापल्लीले. जीप आनली तवरी लेकरू गेलतं. पोरगी कशीबशी वाचली. आता आमच्या टेकडीवर सरकारी टॉवर पकडते. फोन पाह्यजेच. नाव तेवढं नको."

मन्सूरने ब्लेड काढलं. थिनरचा बोळा फिरवून पुढचं नाव खरवडलं, पाठीवरचं खरवडलं, बॅटरीखालचा कागद नखाने सोलला. मग फोनला वायर लावून कॉम्प्युटरला जोडला. देवाजी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. एटापल्लीची शेवटची बस स्टँडवर लागली होती आणि कंडक्टर टपरीवर चहा पीत होता. त्याच्या ग्लासात किती चहा उरलाय, यावर देवाजीचा डोळा होता.

"घ्या." मन्सूरने वायर काढली आणि नवं सिम घालून फोन चालू केला. ती कंपनीची धून वाजली नाही, ते चित्र आलं नाही. "रेंज बी आली. आता हा कोनाचाच नाई."

तेवढ्यात पंखा मंद होत होत थांबला. कॉम्प्युटरही गेला. लोडशेडिंगची वेळ झाली होती.

देवाजीने फोन डोळ्यांजवळ धरला. त्याला वाचता येत नव्हतं. पण नाव आहे की नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही. पडद्याच्या वरच्या अंगाला अक्षरं होती. मघाची नव्हती, दुसरीच होती.

"हे का लिवलं आहे?"

"ते काई नाई."

"काई नाई त लिवलं काऊन?"

मन्सूर मान खाजवू लागला. हातून गेलेल्या प्रत्येक फोनच्या पडद्यावर, अगदी कपाळावर, तो कॉम्प्युटरवरून आपल्या दुकानाचं नाव आणि गाव चढवून देई. फुकटची जाहिरात, शिवाय गिऱ्हाईक वाट चुकत नाही. आजही हाताने सवयीने तेच केलं होतं. हेच नाव ठाण्यातल्या निम्म्या शिपायांच्या फोनवर होतं, आणि ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे. आज पहिल्यांदाच ते सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"माया दुकानाचं नाव आहे भाऊ. पोलिसायच्या फोनवर बी हेच आहे. हे घेऊन तिकडे जाऊ नका. कंपनीच्यापेक्षा वाईट आहे हे."

"मंग काढा."

"कॉम्प्युटरबिगर ते निंघत नाई, अन् लाइट कुठी आहे? अंधार पडल्यावर येते. आजच्या दिवस राहा इथी, घरवाली खैरुन भाकर टाकते."

बाहेर बस सुरू झाली. कंडक्टरचा ग्लास टपरीवर पालथा पडला होता.

देवाजीने काउंटरवरचं ब्लेड उचललं, फोन मांडीशी दाबून धरला आणि काच खरवडू लागला. काच कसली, प्लास्टिकच ते. ते करकरत होतं. आधी त्याने नावापुरतंच खरवडलं. कडेने अक्षरं डोकावत राहिली, तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळंच. पांढरा भुगा फुंकून त्याने फोन उजेडाकडे धरला. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा तो दिसत होता. आत उजेड होता, पण अक्षर एकही नव्हतं.

"दादालोकायनं विचारलं त?"

"खडकावर पडला म्हनीन."

"समदा आंधळाच केला तुमी. आता नंबर कसा दिसन?"

देवाजीने मन्सूरकडे पाहतच बटणांवर अंगठा चालवला आणि फोन पुढे केला. पलीकडे घंटी वाजली. "हां, जीपवाला बोलून राह्यलो," असा आवाज आला. देवाजीने फोन कापला.

"बोटाले पाठ आहे."

"अन् तुमाले कोनाचा फोन आला त? कोन आहे, ते कसं कळन?"

बसचा हॉर्न वाजला. देवाजी फोन बंडीच्या खिशात घालून पायरी उतरला होता.

"आमाले कोन फोन करते भाऊ," तो म्हणाला. "आमालेच करा लागते."