दीडचं काय झालं

पडद्यावर ‘साडेएक’ वाचून हेमांगीताईंनी हातातला चहा खाली ठेवला.

फोनला मराठीत वेळ बोलायला शिकवणारा तो फुकटचा प्रोग्रॅम सहा हौशी मंडळी सांभाळत. नव्या आवृत्तीत त्याची आतली मांडणी पार बदलली आणि प्रोग्रॅम वेळ बरोबर सांगतो का हे तपासायला ताईंनी लिहिलेल्या जुन्या चाचण्या धडाधड नापास होऊ लागल्या. ताईंनी मंडळींपैकी नवघरेंना कळवलं.

“नवघरे, चाचणी बरोबर आहे हो, चुकतोय तो प्रोग्रॅम. मराठीत दीड म्हणतात.”

“ताई, प्रोग्रॅमला हात लावला तर बाकीचं कोसळेल. त्यापेक्षा चाचणीतलं उत्तरच बदलू. मत घेऊ या.”

पाच विरुद्ध एक. दीडच्या जागी साडेएक बसलं, चाचणी पास झाल्याची हिरवी खूण उमटली आणि मंडळींनी एकमेकांना टाळ्यांची चित्रं पाठवली.

रविवारी सासऱ्यांनी फोन कानाला लावला. नानांनी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलेलं. डोळे गेल्यापासून वेळ फोनलाच विचारत.

“हेमांगी, साडेएक वाजला. पान वाढ.”

“नाना, दीड!”

“मीही आयुष्यभर तसंच म्हणायचो गं. पण हे तुम्ही लोकांनी तपासून दिलंय ना?”

ताईंनी पान वाढलं.