फ्रिजला बांधलेलं लॉगबुक

पुंडलिकने फ्रिजच्या दांडीला सुतळीने लॉगबुक बांधलं, त्यात एक निळं आणि एक लाल पेन खोचलं आणि घरातल्या तिघांकडे नव्या भरतीकडे बघावं तसं बघितलं.

"आजपासून घरात जे काय होईल ते यात लिहायचं. खाली सही."

"मोरीत जाऊन आलो ते पन?" वडिलांनी, काळुरामआप्पांनी विचारलं. बायको सुरभी आणि बारावीतली मुलगी ऋतुजा तोंड फिरवून हसल्या.

रोह्याच्या एमआयडीसीतली त्याची कंपनी बंद पडून तीन आठवडे झाले होते. कंपनी बंद पडली, पण शिफ्ट इनचार्ज पुंडलिक काही बंद पडला नव्हता. एकवीस वर्षं त्याने एकच नियम देवासारखा पाळला होता. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला, त्याला चार्ज दिला, सही झाली, की मगच घर. रिलीव्हर आलाच नाही तर हा पठ्ठ्या खुशाल डबल ड्युटी करायचा. उशिरा येणाऱ्याची मात्र खैर नसे. त्याचा रिलीव्हर सखा एकदा सात मिनिटं उशिरा आला, तर पुंडलिकने लाल पेनाने नोंद केली, 'उशीर : सात मिनिटं. कारण : मुलीचा साखरपुडा.' सखाने लग्नाचं आमंत्रण दिलं नाही.

शेवटच्या दिवशीही तो रिलीव्हरची वाट बघत चार तास खुर्चीत बसून राहिला. अखेर वॉचमन आला. "साहेब, रिलीव्हर नाय येनार. कंपनीच बंद झालीय. मला कुलूप लावायचंय." त्या वेळी पुंडलिकला रडू आलं होतं. घरी त्याने ते सांगितलं नाही.

आता रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या या तीन खोल्या हाच त्याचा प्लांट होता. पहिल्याच दिवशी त्याने पानभर नोंदी केल्या. '७.१० : आप्पांनी चहा मागितला. ७.१२ : पुन्हा मागितला. ७.१५ : आप्पा चिडले.' चहा करायचं काही त्याला सुचलं नाही. तो सुरभीने केला.

तिसऱ्या दिवशी पेणहून सुरभीच्या भावाचा, प्रणितचा फोन आला. तिच्या माहेरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. सण महिन्यावर आलेला आणि डोळे आखणाऱ्या कारागिराचा हात प्लास्टरमध्ये. दोनशे मूर्ती डोळ्यांवाचून रांगेत बसल्या होत्या. लग्नाआधी कारखान्यातले सगळे डोळे सुरभीच आखायची. लग्नानंतरही हंगामात जायची. ऋतुजा झाली आणि ते सुटलं.

"ताई, तुझ्यासारखा हात कुनाचा नाय. चार दिवस ये गो."

सुरभीचा आवाज एकदम बारीक झाला. "कशी येऊ रे? इथे कोण हाय बघायला?"

पुंडलिक तिच्या समोरच बसून पोहे खात होता. त्याने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे घर बघणाऱ्यांत तिने त्याला धरलंच नव्हतं. त्याने पोह्यांची बशी बाजूला सारली.

"मी हाय ना," तो म्हणाला.

आप्पांना हसता हसता ठसका लागला. "तू व्हय? माझी बीपीची गोळी कुठली, ते तरी म्हायत हाय का तुला?"

"रीतसर चार्ज घेतला की म्हायत होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरभीने चार्ज दिला. दूध कधी, नळ कधी, मोटर किती मिनिटं चालवायची, आप्पांची सकाळची गोळी पांढरी आणि संध्याकाळची त्याहून लहान पांढरी, ऋतुजा डब्यात काय खात नाही आणि ते तिला कसं खाऊ घालायचं. पुंडलिक निळ्या पेनाने लिहीत होता. तिसऱ्या पानावर त्याला घाम फुटला.

"हे सगळं रोज असतं?"

"नाय. रविवारी जास्त असतं," सुरभी म्हणाली. मग तिने लॉगबुक ओढून घेतलं, खाली काहीतरी खरडलं, ब्रशांचा जुना डबा पिशवीत टाकला आणि पेणची एसटी गाठायला निघाली. पायऱ्या ती दोन-दोन करून उतरली. पुंडलिकने तिला असं उतरताना कधी बघितलं नव्हतं.

ती जाऊन अर्धा तास होतो न होतो तोच जुन्या साहेबांचा फोन आला. "पुंडलिक, धरमतरला जागा निघालीय. इनचार्जचीच. उद्या फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचं. नाही आलास तर दुसरा माणूस तयार आहे."

तीन आठवडे तो याच फोनची वाट बघत होता. त्याचा एक पाय आपोआप सेफ्टी शूजकडे सरकलासुद्धा. एवढ्यात आप्पांनी गोळी मागितली आणि वरची टाकी धो धो वाहायला लागली.

"साहेब, उद्या नाय जमणार," तो म्हणाला. "रिलीव्हर चार दिवसांनी येणार. तोवर जागा सोडता येत नाय."

साहेबांनी फोन आपटला. पुंडलिकने मोटर बंद केली, आप्पांना गोळी दिली, बहुतेक बरोबर दिली, आणि फ्रिजपाशी आला. चांगली चालून आलेली नोकरी त्याने घरासाठी सोडली होती. एवढा मोठा त्याग नोंदवायलाच हवा होता. त्याने निळं पेन उघडलं आणि सकाळचं चार्जचं पान काढलं.

सुरभीच्या वळणदार अक्षरात तिथे खाली आधीच नोंद होती. लाल पेनाने.

'चार्ज दिला. रिलीव्हर हजर. उशीर : सतरा वर्षं. कारण : ड्युटीवर होता.'